वेगळी चूल: पुण्यातल्या एका मुक्त सॉफ्टवेअर संस्थेचं प्रकरण

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. निमंत्रण 'आचार्याला' द्यायचं की 'आचाऱ्याला', यावर लग्नघरातला सगळा बेत बदलतो. मराठी माणसाला हा फरक कानांनीच कळतो, संगणकाला मात्र तो शिकवावा लागतो. तो शिकवण्याच्या कामात, एका छोट्याशा दुरुस्तीवरून, आमची संस्था फुटण्याच्या टोकाला गेली. त्याचं हे प्रकरण.

संस्था पुण्यातली, नोंदणीकृत, ना नफा तत्त्वावर चालणारी. मराठी शुद्धलेखन तपासणारं मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचून बदलू शकतो असं, तयार करणं आणि ते सांभाळणं एवढंच तिचं काम. मी तिथली जुनी स्वयंसेवक. वाद पेटल्यावर तीन जणांची जी आढावा समिती नेमली गेली, तिच्यात मी होते. संस्थेचं आणि माणसांचं नाव देत नाही. त्यातली बरीच माणसं आजही एकाच टेबलाभोवती बसतात, आणि नावांवाचून प्रकरण समजायला काही अडत नाही.

सात सह्या

पुण्यात मुक्त सॉफ्टवेअरचं वारं जुनं आहे. मॉडेल कॉलनीत सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत वर्षानुवर्षं 'ग्नूनिफाय' हे मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन भरायचं, पुणे लिनक्स यूजर्स ग्रुपच्या बैठका व्हायच्या. २०११ साली फेडोरा या लिनक्स प्रणालीची 'फडकॉन' परिषद सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाली, २०१५ साली ती पुन्हा पुण्यातच भरली. रेड हॅट या मुक्त सॉफ्टवेअर कंपनीच्या इथल्या कार्यालयातली मंडळी भारतीय भाषांच्या लोहित फॉन्टवर आणि भाषांतरांवर काम करायची. अशाच मेळाव्यांमध्ये भेटलेल्या मित्रमैत्रिणींनी आमची संस्था काढली. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात, म्हणून सात जणांनी सह्या केल्या. महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवली जाते. त्यामुळे दोन प्रमाणपत्रं मिळाली, दोन्ही फ्रेम करून लावली.

या प्रकरणाचं मूळ त्याच दिवसात आहे. नोंदणी करून देणाऱ्या सल्लागाराने एक छापील नियमावली दिली. वाचनालय असो, महिला मंडळ असो की गणेशोत्सव मंडळ, सगळ्यांना चालेल अशी ती नियमावली होती. नाव, पत्ता आणि उद्देश बदलला की झालं. सभासद कोण, तर अठरा वर्षं पूर्ण झालेली, वार्षिक वर्गणी भरणारी आणि कार्यकारी मंडळाने मान्य केलेली व्यक्ती. सॉफ्टवेअर कोण लिहितं, शब्द कोण तपासतं, बदल कोण मंजूर करतं, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. असणार तरी कसं? तेव्हा लिहिणारे तेच होते आणि सह्या करणारेही तेच.

संस्थापकांपैकी एक जण चिटणीस झाले. त्यांना सगळे 'सर' म्हणतात. कोड ठेवण्याची जागा त्यांच्या खात्यावर, डोमेन त्यांच्या ईमेलवर, सर्व्हरचं बिल त्यांच्या कार्डावर. या किल्ल्या त्यांनी कुणाकडून हिसकावून घेतलेल्या नव्हत्या. ज्या दिवशी जे लागलं, ते त्यांनी त्या दिवशी पदरमोड करून उभं केलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं त्यात कुणी खलनायक शोधला तर त्याला प्रकरण कळलं नाही असं मी म्हणेन.

दोन सारखे दिसणारे शब्द

आमचा शुद्धलेखन तपासनीस चालतो हन्स्पेल या मुक्त इंजिनावर. लास्लो नेमेथ या हंगेरियन प्रोग्रामरने ते हंगेरियन भाषेसाठी बांधलं, कारण त्या भाषेतही शब्दाला प्रत्ययांवर प्रत्यय लागतात. आज लिब्रेऑफिस हा मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअरचा संच आणि फायरफॉक्स हा ब्राउझर तेच वापरतात. त्यात दोन फाइली असतात: एकीत मूळ शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. 'पाणी' एकदाच लिहायचं आणि त्याचं 'पाण्यात', 'पाण्याला', 'पाण्यातला' कसं होतं ते नियमात सांगायचं. सामान्यरूपाचं व्याकरण ज्याला नीट येतं तो माणूस इथे प्रोग्रामरइतकाच लागतो.

पहिली तक्रार आली अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपीवाल्या काकांची. प्रश्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, सगळं ते लावतात. त्यांचं म्हणणं होतं की 'दऱ्या', 'पुऱ्या', 'तऱ्हा', 'सुऱ्या' या साध्या शब्दांखाली लाल रेघ येते, तीही कधी येते आणि कधी येत नाही.

पुढच्या रविवारी भोरच्या एक शिक्षिका बैठकीला आल्या. येताना एक कागद घेऊन आल्या. त्यावर 'दऱ्या' हा शब्द एकाखाली एक दोनदा छापलेला. मोठ्या टायपात, डोळ्यांना कणभरही फरक न दिसणारा. पहिल्याखाली लाल नागमोडी रेघ, दुसऱ्याखाली काही नाही. बाईंनी तो कागद हातोहात फिरवला आणि विचारलं, यातला चुकीचा कुठला? कुणालाच सांगता येईना.

चुकीचा कुठलाच नव्हता. 'ऱ्या'मधला आडव्या रेघेचा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या जागतिक प्रमाणात, दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत म्हणजे नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त जोडायचा. युनिकोड हीच रीत सांगतं. दुसरी जुनी: साधा र, हलन्त, आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे डोळ्याला न दिसणारं एक चिन्ह. जुन्या मजकुरासाठी तीही चालू ठेवलेली आहे. आमची शब्दयादी जुन्या मजकुरातून गोळा केलेली, त्यामुळे तिच्यात सगळीकडे दुसरी रीत होती. नवे कीबोर्ड पहिल्या रीतीने लिहितात. म्हणून एकाच शाळेतल्या दोन संगणकांवर एकच शब्द एकीकडे बरोबर आणि दुसरीकडे चूक ठरत होता.

उपाय सोपा होता. यादीतले सगळे असे शब्द युनिकोडच्या रीतीत आणायचे, आणि प्रत्ययांच्या फाइलीत दोन ओळी घालायच्या, की कुणी जुन्या रीतीने लिहिलं तर तपासण्याआधी ते नव्या रीतीत वळवून घे. हन्स्पेलमध्ये ही सोय आहे. बाईंनी एका कॉलेजच्या मुलाकडून बदल पाठवण्याची पद्धत शिकून घेतली, आठ दिवस बसून यादी तपासली आणि आपल्या नावाने दुरुस्ती पाठवली. त्याखाली चार जणांनी लिहिलं की तपासलं, चालतंय.

आणि ती दुरुस्ती तिथेच पडून राहिली. अकरा महिने.

अकरा महिने आणि नऊ दिवस

सरांचे वडील त्या काळात दवाखान्यात होते. नोकरी बदलून सर स्वतः बंगळूरला गेले होते. मंजुरीचं बटण दाबण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाच्याच खात्याला नव्हता. फोन केला की ते मनापासून म्हणायचे, या शनिवारी बसतो. शनिवार यायचे आणि जायचे. त्यांना दोष द्यायला कुणाची जीभ रेटत नव्हती, म्हणून कुणी मोठ्याने काही बोललंही नाही. माझ्या मते खरी चूक इथे झाली, आणि ती सरांची नव्हती, आमची सगळ्यांची होती. माणसाला दुखवायचं नाही म्हणून आम्ही व्यवस्थेचा प्रश्न विचारला नाही.

मग जूनमध्ये, शाळा उघडायच्या तोंडावर, डोमेनची मुदत संपली. नूतनीकरणाची पत्रं सरांच्या जुन्या ऑफिसच्या ईमेलवर जात होती. तो ईमेल बंद झालेला. खातं परत उघडायला ओटीपी हवा होता आणि तो जुन्या सिमवर येत होता. ते सिम पुण्यातल्या घरी एका डब्यात पडलेलं, रिचार्ज नसल्याने बंद. नऊ दिवस संकेतस्थळ बंद राहिलं. ज्या शिक्षकांना आम्ही वर्षभर सांगत होतो की विकतचं काही घेऊ नका, हे मोफत आणि आपलं आहे, त्यांचे फोन घ्यायला आम्हाला तोंड नव्हतं.

दहाव्या दिवशी सहा जणांनी कोडची प्रत घेतली, बाईंची दुरुस्ती त्यात घातली आणि वेगळी चूल मांडली.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात हे बंड मानलं जात नाही. आमचा परवाना जीपीएल आहे. प्रत घ्यावी, बदल करावा, तो त्याच परवान्याखाली वाटावा, हा हक्क त्यातच लिहिलेला आहे. पण परवाना फक्त कोडचा असतो. संस्थेचं नाव, डोमेन, बँकेतली शिल्लक, शिक्षकांची पत्रं, काकांसारख्या माणसांची सवय, यातलं काहीच नव्या चुलीवर नेता येत नाही. दुसरीकडे संस्थेजवळ हे सगळं होतं, पण रोज काम करणारे हात गेले होते. कार्यकारी मंडळात नावाच्या वापराबद्दल कायदेशीर नोटीस पाठवण्याची भाषा सुरू झाली. त्या बैठकीत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी नोटिशीऐवजी आढावा घ्यावा असा ठराव मांडला, म्हणून पुढचं सगळं होऊ शकलं.

आढाव्यात काय सापडलं

आम्ही दोन याद्या शेजारी ठेवल्या. एक सभासद नोंदवहीची, दुसरी गेल्या दोन वर्षांत ज्यांचा एक तरी बदल सॉफ्टवेअरमध्ये गेला किंवा अडकून पडला त्यांची. दोन्हींत असलेली नावं होती दोन. बाकीचे सभासद सहीपुरते आणि वर्गणीपुरते उरले होते. बाकीचे काम करणारे संस्थेच्या दृष्टीने कुणीच नव्हते. त्यांना सभेची नोटीस जात नव्हती, मत नव्हतं, हिशेब बघण्याचा अधिकार नव्हता. बाईंनी तर कधी वर्गणीचा अर्जही पाहिला नव्हता.

कागदपत्रांची अवस्था याहून वाईट होती. विश्वस्त बदलला की त्याच विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यावा लागतो, बोलीभाषेत चेंज रिपोर्ट. आमचे दोन विश्वस्त बाहेर पडले होते, एकांचं निधन झालं होतं, आणि एकही अहवाल गेलेला नव्हता. सरकारदरबारी दिवंगत माणूस अजून विश्वस्त होता. बँकेत सह्या बदलायला गेलं की बँक शेड्यूल एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, ताजा उतारा मागायची आणि तिथे गाडं अडायचं. सर्व्हरचं बिल सरांच्या कार्डावरून का जात राहिलं याचं उत्तर इथे मिळालं.

वेगळी चूल मांडलेल्या सहा जणांशी आम्ही दोनदा बोललो, एकदा त्यांच्या घरी आणि एकदा आमच्याकडे. त्यांना नाव नको होतं, पैसे नको होते. त्यांचा एकच प्रश्न होता: आम्ही केलेलं काम घ्यायचं की नाही हे कोण ठरवतं, आणि त्या माणसाला आम्ही कधी बदलू शकतो का?

इतरांनी काय केलं होतं

हा प्रश्न आमच्या आधी पुष्कळांना पडलेला आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे जनक खिदो फान रॉसम यांना 'तहहयात दयाळू हुकूमशहा' म्हणत. एका प्रस्तावावरच्या दीर्घ वादानंतर जुलै २०१८ मध्ये त्यांनी ते पद सोडलं आणि वारस नेमला नाही. मग तिथल्या विकासकांनी आधी कारभाराचे वेगवेगळे आराखडे लिहिले, त्यांवर मतदान केलं आणि २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांचं सुकाणू मंडळ निवडलं. त्या पाचांत एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त नसावेत असा नियम आहे. भाषेचा ट्रेडमार्क मात्र आधीपासूनच पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन या ना नफा संस्थेकडे होता. त्यामुळे माणूस बाजूला झाला तरी नाव आणि पैसा जागेवर राहिला.

याच्या उलट घडलं ते फ्रीनोडवर. मुक्त प्रकल्पांची मंडळी वर्षानुवर्षं तिथे गप्पा मारायला जमत. मे २०२१ मध्ये मालकी आणि ताब्याच्या वादातून तिथल्या स्वयंसेवकांनी एकत्र राजीनामे दिले आणि लिबेरा चॅट उभं केलं. या वेळी त्यांनी स्वीडनमध्ये ना नफा संस्था काढली आणि काम करणाऱ्यांनाच तिचे सभासद केलं. नावाच्या बाबतीत कोहाचं उदाहरण आमच्या जवळचं वाटलं. ग्रंथालयांसाठीचं हे मुक्त सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात २००० साली सुरू झालं. पुढे त्याच देशात 'कोहा' या नावावर एका अमेरिकन कंपनीने ट्रेडमार्कचा दावा केला, आणि नाव राखण्यासाठी ग्रंथालयाच्या विश्वस्त संस्थेला झगडावं लागलं.

आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलं ते लिब्रेऑफिस. २०१० साली ओरॅकलने ओपनऑफिसची मालक असलेली सन कंपनी विकत घेतल्यावर ओपनऑफिसच्या कार्यकर्त्यांना आपल्या कामाचं काय होणार याची चिंता लागली. २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यांनी वेगळं होऊन लिब्रेऑफिस काढायचं जाहीर केलं. जर्मन कायद्याप्रमाणे प्रतिष्ठान काढण्यासाठी पन्नास हजार युरोचं भांडवल हवं होतं, ते लोकांनी आठ दिवसांत जमवून दिलं. २०१२ मध्ये बर्लिनमध्ये द डॉक्युमेंट फाउंडेशन कायदेशीररीत्या उभं राहिलं. तिथे सभासदत्व विकत मिळत नाही. किमान तीन महिने काम केलेलं असावं आणि पुढचे सहा महिने करण्याची तयारी असावी, म्हणजे अर्ज करता येतो. कोड, भाषांतर, चाचणी, प्रचार, कुठलंही काम चालतं.

हे वाचताना मला परदेशापेक्षा पुणंच जास्त आठवत होतं. पर्वती संस्थान या देवस्थानच्या कारभाराबद्दलच्या नाराजीतून १८७० मध्ये इथे सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचे पहिले पंचाण्णव सभासद सुमारे सहा हजार लोकांनी निवडून दिलेले होते. आपण कुणाच्या वतीने बोलतो हे आधी सिद्ध करायचं आणि मग सभेत बसायचं, ही रीत या गावाने दीडशे वर्षांपूर्वी घालून दिली होती. आम्ही मात्र छापील नियमावलीवर समाधान मानलं होतं.

सभा

घटनादुरुस्तीसाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. पहिल्या दिवशी गणपूर्ती झाली नाही. नियमावलीत सोय होती की सभा अर्धा तास तहकूब करावी आणि त्याच ठिकाणी, गणपूर्तीची अट न ठेवता घ्यावी. आपल्याकडच्या बहुतेक संस्थांच्या सभा अशाच पार पडतात. आम्ही तसं केलं नाही. मतदानाचा हक्क कुणाला द्यायचा हे सात-आठ जणांनी अर्ध्या तासाच्या पळवाटेतून ठरवणं मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. प्रत्येक सभासदाला फोन केले, तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. सर बंगळूरहून रातोरात बसने आले.

सभासदत्वाची अट बदलली. वर्गणी नाममात्र ठेवली आणि त्यासोबत वर्षातलं काम दाखवणं आलं. मंजुरीचा अधिकार कार्यकारी मंडळापासून वेगळा काढला. तो आता पाच सांभाळकर्त्यांकडे आहे आणि कुठलाही बदल दोघांच्या होकाराने आत जातो. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या प्रकल्पांत कोडमधल्या बदलाला नकार द्यायचा तर तांत्रिक कारण द्यावं लागतं, नाहीतर तो नकार धरत नाहीत. हे आम्ही जसंच्या तसं घेतलं. गप्प राहणं म्हणजे संमती धरायला तिथे साधारण बहात्तर तास देतात. आमची माणसं रविवारीच मोकळी असतात, म्हणून आम्ही चौदा दिवस ठेवले, म्हणजे दोन रविवार मिळतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो 'काम' म्हणजे काय यावर. तरुण मंडळींचं म्हणणं, ज्याचा बदल आत गेला त्याने काम केलं. मोजायला सोपं, वादाला जागा नाही. मग काकांचं काय? ते कोड लिहीत नाहीत, लिहिणारही नाहीत. पण दर महिन्याला प्रुफांच्या पाठकोऱ्या बाजूंवर पेनाने लिहिलेले पन्नास-साठ शब्द आणून देतात: हा अडला, हा चुकीचा सुचवला, या दोन शब्दांत गफलत होते. आमच्या निम्म्या दुरुस्त्यांचा उगम त्या कागदांत आहे. ते बाहेरचे आणि त्यांचा कागद टाइप करून पाठवणारा मुलगा आतला, असं कसं चालेल? डेबियन या लिनक्स प्रकल्पानेही २०१० मध्ये मतदान करून ठरवलं होतं की सॉफ्टवेअरची पॅकेजं न बनवणाऱ्यांनाही प्रकल्पाचे पूर्ण सभासद करून घ्यायचं. सभेत हे सांगितलं तेव्हा सर उठले आणि म्हणाले की पहिली शब्दयादीसुद्धा कोड न लिहिणाऱ्या माणसांनीच दिली होती. ठराव सरांनी मांडला, काकांच्या नावाचा उल्लेख इतिवृत्तात झाला, विरोधात तीन मतं पडली.

पैशांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवून ठेवते, कारण इतर संस्थांना तिचा उपयोग होईल. अमेरिकेतल्या काही मराठी मंडळींना देणगी द्यायची होती. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांचे स्वतःचे पैसे बँकेमार्फत आले तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलं आहे, ते ओसीआय, म्हणजे मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचे धारक असले तरी, त्यांची देणगी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. नोंदणीसाठी संस्थेला तीन वर्षं झालेली असावी लागतात आणि त्या काळात उद्देशांवर किमान पंधरा लाख खर्च झालेला असावा लागतो. एवढा खर्च आमच्या स्वप्नातही नव्हता. म्हणून नम्रपणे नाही म्हटलं आणि पैशांऐवजी वेळ मागितला. त्यातल्या एकीने चाचण्यांची सगळी यंत्रणा बसवून दिली.

त्यानंतर

बाईंची दुरुस्ती सभेनंतरच्या पहिल्या रविवारी आत गेली. वेगळ्या चुलीवरचे तिघे परत आले, तिघे आले नाहीत. त्यांचं सॉफ्टवेअर त्यांच्या नावाने चालू आहे, त्यात बोलीतले शब्द मोकळेपणाने घेतले जातात, आणि महिन्यातून एकदा दोन्ही याद्या ताडून पाहिल्या जातात. मी याला फूट म्हणत नाही.

शब्दांचे वाद आता जास्त होतात. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार मिळून शुद्धलेखनाचे अठरा नियम पाया म्हणून सगळ्यांना मान्य आहेत, भांडण त्यापुढचं असतं. 'केलं', 'गेलं', 'घेतलं' ही रूपं बरोबर धरायची की त्यांच्याखाली रेघ आणायची, यावर चार बैठका झाल्या. पाठ्यपुस्तकात 'केले' असतं, म्हणून बाई रेघेच्या बाजूने. काकांकडे येणाऱ्या दिवाळी अंकांतल्या कथांमध्ये पानोपानी 'केलं', म्हणून ते विरुद्ध. शेवटी दोन्ही रूपं बरोबर ठरली. बाईंचं मत पडलं, पण त्यांची कारणं निर्णयाखाली पूर्ण छापलेली आहेत. उद्या कुणी हा विषय पुन्हा काढला तर त्याला तिथून सुरुवात करता येईल. पूर्वी असा निर्णय एका ईमेलमध्ये व्हायचा आणि त्याच ईमेलमध्ये हरवायचा.

अडलेलं अजून बरंच आहे. बदल अहवाल दाखल केले, त्यांतला एक अजून प्रलंबित आहे, तोवर बँकेतली एक सही जुनीच चालते. नावाचा ट्रेडमार्क संस्थेच्या नावावर घेण्याचा अर्ज करायचा आहे. जे सभासद वर्षानुवर्षं काम करत नाहीत, पण ज्यांच्या सहीने संस्था उभी राहिली, त्यांचं मत ठेवायचं की नाही हा प्रश्न आम्ही सभेत घेतला आणि सोडवू शकलो नाही. मला वाटतं त्यांना मानाचं स्थान असावं, मत नसावं. समितीतल्या माझ्या दोन सहकाऱ्यांना तसं वाटत नाही.

आणि किल्ल्यांची वही आहे. लाल कापडी बांधणीची, हिशेबाच्या चोपडीसारखी. डोमेन कुठे नोंदवलेलं आहे, मुदत कधी संपते, कोडच्या जागेचे मालक कोण, सर्व्हरचं बिल कुठल्या खात्यातून जातं, कुठल्या तीन जणांना आत जाता येतं, हे सगळं तिच्यात शाईने लिहिलेलं असतं. पासवर्ड नसतात, कोणाकडे आहेत ते असतं. दर तीन महिन्यांनी त्या तिघांनी सगळ्यांसमोर प्रत्येक खात्यात शिरून दाखवायचं आणि वहीत सही करायची. मागच्या खेपेला दोघे शिरले. तिसऱ्याचा ओटीपी आला नाही, त्याने मधल्या काळात नंबर बदलला होता. तशी नोंद झाली, चहा थांबवून नवा नंबर टाकला, पुन्हा ओटीपी मागवला. तो आल्यावर त्याने सही केली.